इंजिन बदललं, सेल्फ फिरतो, पण गाडी काही सुरू होत नाही: चूक कुठे शोधायची

घरी पहिल्यांदा इंजिन बदललेल्या गाडीच्या तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. सेल्फ गरगर फिरतो पण इंजिन पकडत नाही. पकडतं आणि दोन सेकंदांत विझतं. सुरू होतं, पण दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्टीत. किंवा सगळं झकास, फक्त क्लच सुटत नाही. यातलं काहीही झालं की पहिला संशय नव्या इंजिनवर जातो, टायमिंग कव्हरचे बोल्ट सैल होऊ लागतात आणि हेड काढायच्या गोष्टी सुरू होतात.

जरा थांबा. बसवण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलेलं इंजिन एका गाडीतून दुसरीत गेल्यानं सहसा बिघडत नाही. बिघाड असतो तो तुमचा हात जिथे जिथे लागला तिथे: अर्थिंगची पट्टी, कपलर (वायरींचं खटक्याचं कनेक्टर), व्हॅक्यूमचा पाइप, डॉवेल पिन (इंजिन आणि गिअरबॉक्स मध्यावर जुळवणारी खुंटी), पाण्याचा होज. शोधही तिथूनच सुरू करायचा. पुढचं सगळं त्याच मॉडेलचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवलंय असं धरून आहे. वेगळ्या जातीचं इंजिन घालणं हा वेगळाच उद्योग आहे आणि पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नये.

चावी फिरवण्याआधी

कॉम्प्रेशन इंजिन स्टँडवर असतानाच बघायचं असतं. राहून गेलं असेल तर आता बघा. सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा झटके. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार मिळतात. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट सिलिंडरमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त तफावत नको. एकच सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट. डिझेलला २० ते ३० बार लागतात, त्याचा गेजही वेगळा. पेट्रोलचा गेज त्यावर लावला तर गेज जाईल.

मग क्रँक पुलीच्या बोल्टवर गोटी (सॉकेट) लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा, चालतं त्याच दिशेनं. कॉम्प्रेशनचा दाब जाणवेल, तो सुटतो. पण एखाद्या जागी ठक्कन अडलं तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. सिलिंडरमध्ये पाणी किंवा ऑइल साठलेलं असू शकतं, आणि द्रव दाबला जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पुन्हा फिरवा.

महिनोन्‌महिने पडून असलेल्या इंजिनच्या बेअरिंगवर ऑइल उरलेलं नसतं. प्लग बाहेर ठेवून, इंधन पंपाचा फ्यूज काढून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारा आणि मधे अर्धा-एक मिनिट स्टार्टर थंड होऊ द्या. ऑइलचा दिवा विझेपर्यंत हेच. फिल्टर उभा बसत असेल तर आधीच ऑइलनं भरून लावा. दिवा विझतच नसेल तर आधी प्रेशर स्विचचं कपलर बघा, मग स्विचच्या जागी साधा यांत्रिक गेज लावा. गेज शून्यावरच असेल तर इंजिन सुरू करायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

सेल्फ ओढतच नाही, किंवा कधी ओढतो कधी नाही

बॅटरी आधी. विश्रांतीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर पुढच्या कुठल्याही चाचणीला अर्थ नाही, आधी ती चार्ज करा.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ मरगळलेला असेल तर बहुतेक वेळा अर्थिंग. इंजिन गाडीत रबरी माउंटिंगवर बसतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणजे इंजिनला बॉडीशी विजेनं जोडणारी गोष्ट म्हणजे फक्त ती तांब्याची विणलेली पट्टी किंवा काळी जाड वायर. इंजिन काढताना ती सोडावीच लागते, आणि लावताना ती हमखास विसरते, कारण ती दिसायला बिनमहत्त्वाची आहे आणि तिच्यावर दुसरं काहीच टांगलेलं नसतं. बऱ्याच गाड्यांत अशा दोन-तीन पट्ट्या असतात: बॅटरीपासून बॉडीला, बॉडीपासून ब्लॉक किंवा गिअरबॉक्सला, आणि हेडच्या मागून फायरवॉलला एक छोटी.

ती लावली आहे आणि तरी काम करत नाही, असंही होतं. इंजिन बसवण्याआधी हौसेनं रंगवलं असेल तर पट्टीचा लग (टोकाचं भोक असलेलं कडं) रंगावर बसलाय. बोल्ट घट्ट, संपर्क शून्य. लगाखालची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा.

मोजायची रीत अशी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या मायनस पोलवर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या पोलवर. दुसरा ब्लॉकच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर अर्थिंग ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर वीज वाटेत अडतेय. मग प्रोब एकेक जोडापलीकडे सरकवत या, आकडा जिथे उडी मारतो तो जोड दोषी. प्लसच्या बाजूलाही पोल ते स्टार्टरचा मोठा बोल्ट असंच मोजा.

एक खूण हातालाच कळते. चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर गिअरची किंवा क्लचची केबल गरम लागली, तर स्टार्टरचा सगळा करंट त्या केबलच्या पोलादी तारेतून परत जातोय. आणखी प्रयत्न केलेत तर केबलचं आवरण वितळेल.

सेल्फ कर्कश खरवडत असेल तर वेगळं कारण: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली पातळ पत्र्याची प्लेट जुन्या इंजिनलाच चिकटून राहिलेली असते. तिच्याशिवाय स्टार्टरच्या पिनियनचं (छोट्या दातेरी चाकाचं) आणि तो फिरवतो त्या रिंग गिअरचं अंतर चुकतं. यावर उपाय गिअरबॉक्स पुन्हा बाजूला करणं हाच. म्हणून जुनं इंजिन भंगारात द्यायची घाई करू नका, गाडी चालेपर्यंत ते कोपऱ्यात राहू द्या. काय सुटलं ते त्याच्याकडे बघूनच कळतं.

सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही

इथे लोक प्लग बदलतात, पंप बदलतात, कॉइल बदलतात. त्याआधी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं तपासणी यंत्र) लावा, लाइव्ह डेटा उघडा आणि सेल्फ मारताना आरपीएम बघा. १५० ते २५० दिसलं तर क्रँक सेन्सर बोलतोय. शून्य दिसलं तर बाकी सगळं सोडून त्याच्याच मागे लागा.

कारण असं की ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) क्रँक फिरतोय हे कळलं नाही तर तो ठिणगीही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. इंधन पंप चावी लावल्यावर दोनेक सेकंद चालतो आणि आरपीएमची खबर येत नाही म्हणून थांबतो. तेव्हा ठिणगी आणि इंधन दोन्ही एकदम गायब असतील तर दोन बिघाड शोधू नका, एकच शोधा.

इंजिन बदलल्यावर क्रँक सेन्सर गप्प होण्याची कारणं ठरलेली आहेत. कपलर अर्धवट बसलंय. वायर बेल हाउसिंगखाली (गिअरबॉक्सच्या तोंडाच्या घंटेसारख्या आवरणाखाली) चेमटलीय. सेन्सर बेल हाउसिंगमधून आत डोकावणारा असेल तर गिअरबॉक्स सरकवताना त्याचं नाक फुटलंय. म्हणून जोडणीआधी तो काढून ठेवायचा आणि शेवटी बसवायचा. आणि सगळ्यात चकवणारं कारण: नव्या इंजिनवर दुसऱ्या वर्षाचं किंवा दुसऱ्या प्रकाराचं फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक) आहे. काही इंजिनांत सेन्सर वाचतो ते दाते फ्लायव्हीलवरच असतात. ६० दात्यांतले दोन गाळलेले, ही एक मांडणी. ३६ मधला एक गाळलेला, ही दुसरी. ईसीयू पहिलीची वाट बघत असेल आणि समोर दुसरी फिरत असेल तर त्याला काही उमगत नाही. अशा वेळी स्कॅनर पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड दाखवू शकतो, पण कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष असं समजू नका. आपल्या गाडीचं जुनं फ्लायव्हील चांगलं असेल तर तेच नव्या इंजिनवर चढवा, नव्या बोल्टसह. फ्लायव्हीलचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदाच वापरायचे असतात.

आरपीएम दिसतंय, तर पुढे डॅशबोर्डवरचा चावीचा किंवा कुलपाचा दिवा बघा. तो भराभर लुकलुकत असेल तर इमोबिलायझरनं (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेनं) वाट अडवलीय. काही गाड्यांत सेल्फच लागत नाही, काहींत इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं आणि दर वेळी अगदी तेवढ्याच वेळात. इंजिनबरोबर आलेला ईसीयू बसवला असेल तर हेच होणार, कारण त्याला तुमची चावी ओळखता येत नाही. तुमच्या गाडीचा ईसीयू आणि तुमचं मूळ वायरिंग तुमच्याच गाडीत राहू द्या, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

मग इंधन. चावी लावल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद घूं असा आवाज यायला हवा. आला नाही तर आधी पंपाचा फ्यूज बघा. इंजिन काढण्याआधी प्रेशर उतरवायला तुम्हीच तो काढला होता, आणि तो अजून खिशात असण्याची शक्यता बरीच आहे. साध्या पोर्ट इंजेक्शनमध्ये रेलवर (इंजेक्टरना इंधन देणाऱ्या नळीवर) ३ ते ४ बार दाब हवा. पंप चालतोय पण दाब नाही, तर जाणारा आणि परतीचा पाइप एकमेकांच्या जागी गेलेत का ते पाहा. क्लिप असलेले पाइप लावल्यावर ‘टक’ ऐकू आला पाहिजे, आणि मागे ओढून बघायचं. ओढल्यावर निघाला तर चालू इंजिनवरही निघाला असता, गरम एक्झॉस्टवर.

ठिणगीसाठी प्लग हातात धरून बघायची जुनी सवय सोडा. स्पार्क टेस्टर वापरा आणि इंजेक्टरची कपलरं काढून ठेवा. बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांचा फायरिंग क्रम १-३-४-२ असतो. वायरी उलटसुलट लागल्या तर इंजिन इनटेकमधून फटाका वाजवतं. कॉइलची कपलरं दिसायला सारखी असतात, इंजेक्टरचीही, आणि काही गाड्यांत तापमानाच्या सेन्सरचं कपलर दुसऱ्याच सेन्सरवर आरामात बसतं. वायरची लांबी बघा: जे कपलर ताणून लावावं लागलं ते चुकीच्या जागी आहे.

खूप वेळ सेल्फ मारल्यावर प्लग ओले निघाले तर एक्सलरेटर तळाशी दाबून सेल्फ मारा. बऱ्याच गाड्यांत पूर्ण दाबलेल्या पेडलवर ईसीयू सेल्फ मारताना इंजेक्टर बंद ठेवतो आणि सिलिंडर कोरडे होतात. हे सगळं ठीक असूनही पी००१६ येत असेल, म्हणजे क्रँक आणि कॅमची वेळ जुळत नसेल, तरच टायमिंग कव्हरकडे वळा.

डिझेलचं दुखणं बहुधा हवा हेच असतं. फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा, मग सेल्फ. कॉमन रेलचे (नव्या डिझेलच्या उच्च दाबाच्या यंत्रणेचे) जाड लोखंडी पाइप सैल करून हवा काढायची जुन्या डिझेलची पद्धत इथे अजिबात नको. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब चढतो, आणि तसली धार कातडीतून आत शिरते. इंजेक्टर नव्या इंजिनबरोबर आले असतील तर प्रत्येकावर कोरलेला कोड स्कॅनरनं ईसीयूत भरावा लागतो. नाही भरला तर गाडी चालते, पण खडखडते आणि धूर काढते.

सुरू झाली, पण आयडल वरखाली होतंय

न मोजलेली हवा आत शिरतेय. ब्रेक बूस्टरचा जाड होज, क्रँककेसची हवा ओढणारा पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, एअर फ्लो सेन्सरनंतरच्या रबरी बुटाची घडी, या क्रमानं बघा. स्कॅनरवर लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली वाढ) +१० टक्क्यांच्या वर रेंगाळत असेल किंवा मिश्रणात इंधन कमी असल्याचा पी०१७१ कोड आला असेल तर खात्रीच. ब्रेक पेडल दगडासारखं लागत असेल तर होज बूस्टरचा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा जोड गळत असला तरी ऑक्सिजन सेन्सरला बाहेरची हवा लागते आणि तो तीच खोटी तक्रार करतो, एवढं लक्षात असू द्या.

दहा मिनिटांत गरम

रिकाम्या ब्लॉकमध्ये वरून कूलंट ओतलं की हवा आत अडकते, आणि ती बसते ती नेमकी थर्मोस्टॅटच्या (कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) खाली किंवा हेडमध्ये. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो, पण त्याला गरम पाण्याचा स्पर्श व्हावा लागतो. हवेच्या बुडबुड्यात तो बंदच राहतो. सेन्सरचंही तेच: तो हवेत लटकत असेल तर काटा खाली दिसतो आणि हेड भाजत असतं, मग वाफ लागली की काटा एका झटक्यात वर. म्हणून पहिल्या वेळी फक्त काट्यावर विसंबू नका.

हीटर पूर्ण गरमवर ठेवा. काटा वर आणि हीटरमधून थंड हवा, म्हणजे हवा अडकलीय. वरचा होज हाताला चटका देतो आणि खालचा थंडगार, म्हणजे थर्मोस्टॅट उघडलेला नाही.

भरायची पद्धत: गाडीचं नाक थोडं वर, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल. वरचा होज जोडण्याआधी त्यातूनच ब्लॉक भरून घ्या. हवा काढायचा स्क्रू असेल तर बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत उघडा. थर्मोस्टॅटवर छोटी हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला हवी. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. आणि किती लिटर गेलं ते मोजा: पुस्तकात ६ लिटर लिहिलंय आणि तुमचे ४ च गेले, तर उरलेली दोन लिटर जागा हवेनं अडवलीय. इंजिन आयडलवर ठेवून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, मग पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडून पातळी बघा. गरम इंजिनचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर.

पंख्याच्या वायरी कापून जोडल्या असतील तर तो उलटा फिरत असण्याची शक्यता आहे. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर समोर कागद धरा. चिकटला पाहिजे, उडून जात असेल तर वायरी अदलाबदल करा. तीन वेळा हवा काढूनही बुडबुडे थांबत नसतील तर निळ्या द्रवाचा ब्लॉक टेस्टर लावा. द्रव पिवळा झाला तर सिलिंडरचा वायू पाण्यात येतोय, आणि तेव्हा मात्र हेड काढायचं.

क्लच सुटत नाही, ऑटोमॅटिक हलत नाही

इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात, चालू असताना रिव्हर्स खरवडतो: क्लच पूर्ण सुटत नाही. सपाट जागेवर इंजिन बंद, पहिला गिअर, क्लच दाबून गाडी ढकला. हलली नाही तर नक्कीच. हायड्रॉलिकमधली हवा हे सोपं कारण, आधी ती काढा. त्यानं भागलं नाही तर क्लच प्लेट उलटी बसलीय (कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते बहुतेक प्लेटवर छापलेलं असतं), किंवा जोडताना गिअरबॉक्सचं वजन काही क्षण प्लेटवर लटकलं आणि तिचा मधला भाग वाकला, किंवा इंजिनमागच्या दोन डॉवेल पिन जुन्या इंजिनातच राहिल्या. डॉवेल नसेल तर बोल्ट गिअरबॉक्स घट्ट धरतात, पण मध्यावर आणत नाहीत. केसभर फरकानंही शाफ्ट तिरका चालतो.

ऑटोमॅटिकची चूक मात्र महाग पडते. टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) गिअरबॉक्सवर बसवताना फिरवत आत ढकलायचा असतो आणि तो दोन-तीन टप्प्यांत खाली उतरतो, प्रत्येक वेळी ‘ठक’ करत. शेवटचा टप्पा पंपाचा. तो चुकला तर बेल हाउसिंग आणि इंजिनमध्ये बोट जाईल एवढी फट राहते. ती फट बोल्ट आवळून मिटवली की पंप फुटलाच. नियम एकच: फट हातानं मिटली पाहिजे, बोल्ट फक्त धरून ठेवायला. बेल हाउसिंग बसल्यावर कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरायला हवा आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनमागच्या पातळ चकतीपासून) साधारण ३ ते ५ मिमी मागे राहायला हवा. मग तो पुढे ओढून बोल्ट लावायचे.

थरथर आणि टपटप

आयडलला स्टिअरिंग थरथरत असेल तर माउंटिंग ताणात आवळलीत. गाडी जमिनीवर, सगळे माउंटिंग बोल्ट अर्धा फेरा सैल, इंजिन हातानं दोनदा हलवून आपल्या जागी बसू द्या, मग टॉर्क पान्यानं आवळा. गिअरबॉक्स-इंजिनच्या सांध्यातून ऑइल टपकत असेल तर तो मागचा क्रँक सील. इंजिन बाहेर असताना तो बदलायला वीस मिनिटं लागतात, आता गिअरबॉक्स उतरवावा लागेल. ड्राइव्हशाफ्टचे सीलही तसेच. शाफ्ट तिरका घातला की सीलची कड मुडपते आणि गळती दुसऱ्या दिवशी दिसते.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना माउंटिंग, एक्झॉस्ट आणि ड्राइव्हशाफ्टचे नट पुन्हा तपासा. टॉर्क दिलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवलेली असेल तर हे काम टॉर्चच्या उजेडात पाच मिनिटांत उरकतं: रेघ तुटलेली दिसली, तो बोल्ट फिरला.